पाहुण्यांचे पाठीराखे

३ एप्रिल

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. स्वतःला शिस्त लागावी एवढाच हेतू.

आज पालिकेच्या महोत्सव समितीत माझी योजना मंजूर झाली. ऑक्टोबरात क्रीडा महोत्सवासाठी पंचवीस देशांचे खेळाडू आमच्या नामहांगमध्ये येणार. टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसल्या तर शहराची अब्रू जाते. यावर माझा तोडगा असा की प्रत्येक वॉर्डाने एक पाहुणा देश दत्तक घ्यायचा. त्या देशाचा झेंडा, त्याच्या रंगाचा टी-शर्ट, घोषणा. बस आणि जेवणाचा डबा आमच्याकडून. परक्या मुलखात आलेल्या पोराला कुणीतरी आपलं माणूस हवं.

संचालक मेंग साहेबांनी एक शंका काढली. आपल्या देशाच्या संघांना वॉर्ड का नाही? मी उभा राहून म्हणालो, साहेब, स्वतःच्या मुलांसाठी माणसं नेमावी लागली तर आपण यजमान कसले? आपली माणसं आपोआप येतील. साहेब खूश झाले. आता तो छापील नियम होणार: यजमान संघाला वॉर्ड देऊ नये.

घरी सांगितलं. ह्येरानची आई भांडी विसळत म्हणाली, आपोआप म्हणजे कोण हो? अकरा वर्षं तुमच्या लेकीच्या सामन्याला आपोआप जाणारी मी एकटीच आहे.

तिला नियोजन कळत नाही. तिचा दोष नाही.

१७ एप्रिल

देशांची सोडत काढली. आमच्या स्वतःच्या सोलबात वॉर्डाला नेपाळ. महिला मंडळाच्या अध्यक्षा ओकबुनबाईंनी चिठ्ठी उघडली आणि विचारलं, तिथे थंडी फार असते का, पोरींना मोजे विणावे लागतील का. अशी माणसं हवीत. ओकबुनबाईंचं तांदळाच्या वड्यांचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. आवाज असा की पहाटे दुकान उघडलं की घड्याळाची गरज पडत नाही.

सोलबात वॉर्ड माझा आदर्श वॉर्ड करायचा. हा नीट झाला तर डिसेंबरच्या बदल्यांत मी पालिकेत विभागप्रमुख होतो, यात मला शंका नाही.

८ मे

पालकदिन. ह्येरानने कार्नेशनची फुलं पाठवली आणि चक्क फोन केला. एरवी आईशीच बोलते. आज म्हणाली, बाबांना द्या.

ह्येरान देशाच्या कबड्डी संघाची कर्णधार आहे. वय एकतीस. आधी ज्युदो खेळायची, त्यात निदान नाव तरी होतं. हा दक्षिणेकडचा खेळ आमच्याकडे कुणाला माहीत नाही. सहकारी विचारतात, मुलगी काय करते, तेव्हा मी सांगतो, क्रीडा क्षेत्रात आहे.

म्हणाली, बाबा, गुडघा संपलाय. डॉक्टर म्हणतात, ऑक्टोबरपर्यंत ढकला, मग ऑपरेशन. म्हणजे हा महोत्सव शेवटचा. आणि तो आपल्याच गावात आहे. एकदा तरी या.

मी म्हणालो, येतो म्हणजे काय, हॉल भरून दाखवतो. एक खुर्ची रिकामी राहणार नाही.

ती म्हणाली, हॉल नको. तुम्ही या.

विनयशील आहे, माझ्यावर गेली आहे. पण शब्द दिला तो दिला. हॉल भरणार.

ता.क. मी तिचा एकही सामना पाहिलेला नाही, असं तिची आई म्हणते ते पूर्ण खरं नाही. तीन वर्षांपूर्वी स्टेडियमच्या दारापर्यंत गेलो होतो. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला.

१४ जून

अडचणी येतातच. गोंदल वॉर्डाला मिळालेल्या देशाने स्पर्धेतून माघार घेतली. त्यांचं राष्ट्रगीत वॉर्डाच्या म्हाताऱ्यांना पाठ झालं होतं. वॉर्डाचे अध्यक्ष माझ्या टेबलासमोर बसून डोळे पुसत म्हणाले, साहेब, आता हे गाणं आम्ही कुणासमोर म्हणायचं? दुसरा देश देतो म्हणालो. ते म्हणाले, तसं नसतं हो.

नदीपलीकडच्या वॉर्डाचे टी-शर्ट चुकीच्या रंगात आले. तो रंग त्यांच्या देशाच्या शेजाऱ्याचा निघाला, आणि त्या दोघांचं पटत नाही म्हणे.

संकल्प: रागवायचं नाही. चहा कमी करायचा.

२० जुलै

सोलबातला सरावाला गेलो. डोळ्यांत पाणी आलं. बंदरावरच्या मासळीच्या कारखान्यात कामाला असलेल्या तीन नेपाळी मुलांना बायकांनी धरून आणलंय. ती घोषणा शिकवतात आणि बायका त्यांना जेवू घालतात. त्यातल्या एकाच्या आईचं मार्चमध्ये निधन झालं, त्याला जायला मिळालं नाही. ओकबुनबाईंनी त्याच्या आईच्या नावाने वड्यांचं ताट मांडलं, सगळ्या जणी वाकल्या. तो मुलगा आता ढोल वाजवायला शिकवतो.

ओकबुनबाईंचा नवरा समुद्रावर गेला तो आलाच नाही, मूल नाही. आता म्हणतात, नेपाळहून माझ्या बारा पोरी येणार ऑक्टोबरात.

बाकी वॉर्डांची हजेरी चिंताजनक. काही ठिकाणी माणसं डबा घेऊन बसमध्ये न चढताच घरी जातात.

९ ऑगस्ट

वेळापत्रक आलं. मला कधी नशिबाने एवढी साथ दिली नव्हती.

महिला कबड्डी, गटातला शेवटचा सामना, पाच ऑक्टोबर: आपला देश विरुद्ध नेपाळ. म्हणजे नेपाळचे पाठीराखे म्हणून अख्खा सोलबात वॉर्ड ह्येरानच्या सामन्याला हजर. ज्या बायकांनी तिला कडेवर खेळवलं त्याच. हॉल भरणार, तोही नियमात राहून, कुणाला वशिला म्हणायची सोय नाही.

ह्येरानच्या आईला सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, अहो, त्या ओरडणार कुणासाठी?

मी म्हणालो, पाहुण्यांसाठी, अर्थात. पण टाळ्या दोघांनाही ऐकू येतात.

ती उठून आत गेली. तिची पाठ दुखत असावी.

१ सप्टेंबर

ओकबुनबाई ऑफिसात आल्या. नेमके मेंग साहेब माझ्या टेबलाशी उभे. बाईंना ते नवीन, त्या सरळ बोलू लागल्या. ह्येरानचे बाबा, पाच तारखेला आम्ही काय करायचं ते सांगा. ती आमची पोरगी. तिच्याविरुद्ध ओरडायला आमची जीभ कशी उचलेल? त्या दिवशी दुसरा वॉर्ड पाठवा, नाहीतर आम्ही नुसत्या बसतो. बायका झोपत नाहीयेत हो.

मेंग साहेबांनी भुवया वर केल्या. ती कोण, असं मला विचारलं. मी खुलासा केला.

खरं तर करता आलं असतं. गोंदल वॉर्ड रिकामाच आहे, एक सही लागली असती. पण साहेब समोर, आणि नियम माझाच. मी म्हणालो, ओकबुनबाई, नाती घरी. ठरल्याप्रमाणे मोकळ्या गळ्याने ओरडायचं. ह्येरानला पक्षपात आवडत नाही.

ह्येरानला काय आवडतं, ते मी तिला विचारलं नाही, पण बापाला कळतं.

साहेब जाताना माझ्या खांद्यावर थोपटून गेले. पाच तारखेला परदेशी पाहुण्यांना घेऊन ते त्याच हॉलमध्ये येणार. त्यांना माझा आदर्श वॉर्ड दाखवायचाय.

२५ सप्टेंबर

चुसोक. सुगीचा सण, पण ह्येरान शिबिरात. पूर्वजांचं ताट मी आणि तिच्या आईनेच मांडलं. फोनवर ह्येरानने विचारलं, बाबा, येताय ना नक्की? मी म्हणालो, मी काय, सगळी गल्ली येतेय. ती हसली. म्हणाली, गटात आम्ही आणि नेपाळ बरोबरीत राहणार असं दिसतंय. जिंकलो तर पुढच्या फेरीत, म्हणजे पदक पक्कं. हरलो तर संपलं. बाबा, मला एकदा तुमच्यासमोर जिंकायचंय.

तिला मी इतकं महत्त्वाचं वाटतो हे मला ठाऊक नव्हतं. बरं वाटलं. दिवसभर बरं वाटत होतं.

कपडे ठरवले: विभागाचं जाकीट, निळा टाय.

२ ऑक्टोबर

महोत्सव सुरू. तिरंदाजीला नेमलेला वॉर्ड पोहण्याच्या तलावावर उतरला आणि तिथे जो दिसेल त्याला टाळ्या वाजवून आला. हॉकीला अर्धं स्टेडियम रिकामं, टीव्हीवर दिसलं. मेंग साहेब फोनवर मला आडनावाने हाक मारून एकच वाक्य बोलले, प्यो, आता सगळी भिस्त तुमच्या सोलबातवर.

५ ऑक्टोबर, संध्याकाळ

हॉल भरला. आधी हे लिहून ठेवतो. पायऱ्यांवरसुद्धा माणसं होती.

सगळीकडे नेपाळच्या रंगाचे लाल टी-शर्ट. मीसुद्धा जाकीट काढून लाल टी-शर्ट आणि लाल टोपी चढवली. योजना आखणाऱ्यानेच गणवेश मोडला तर कसं चालेल? ह्येरानची आई समोरच्या कोपऱ्यात एकटी बसली होती. पांढरा शर्ट, मांडीवर डब्याचं गाठोडं.

संघ आले. ह्येरान पुढे, गुडघ्याला जाड पट्टा. ती आत आली तशा ओकबुनबाई ढोल मांडीवर घेऊन खाली बसल्या. म्हणाल्या, मला नाही जमायचं, ह्येरानचे बाबा. हिच्या पहिल्या वाढदिवसाच्या वड्या माझ्या हातच्या होत्या. त्यांच्यामागे सगळ्या जणी बसल्या. एवढा भरलेला हॉल आणि बुटांचा आवाज ऐकू येईल अशी शांतता. नेपाळच्या पोरी वर बघायला लागल्या. मेंग साहेब पहिल्या रांगेत पाहुण्यांसोबत होते. त्यांनी मान वळवली.

मी ढोल घेतला.

कुणीतरी घ्यायलाच हवा होता. पहिल्या घोषणा मी एकट्यानेच दिल्या. ओकबुनबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठत म्हणाल्या, उठा गं. बापच ओरडतोय, तर आपण कोण?

आणि मग जो आवाज लागला. मेंग साहेब पाहुण्यांच्या कानात काहीतरी सांगत होते आणि माझ्याकडे बोट दाखवत होते.

खेळ मला फारसा कळला नाही. एक जण तोंडाने काहीतरी पुटपुटत समोरच्या गटात शिरते, कुणाला तरी शिवते आणि परत पळते. ह्येरान सारखी जात होती. एकदा ती तिघींना शिवून आली तेव्हा बायकांनी सवयीने तिच्यासाठीच टाळ्या वाजवल्या. मी हात करून त्यांना ताळ्यावर आणलं. मधेच एकदा पंच तिला काहीतरी समज देताना दिसले. तिने स्वतःच्या कानाकडे आणि मग आमच्याकडे बोट दाखवलं. आमचा आवाज तिथवर पोहोचत होता तर.

शेवटी बरोबरी झाली. वेळ संपत आली होती. ह्येरान लंगडत समोर गेली. मी सगळ्यांना उभं केलं. आयुष्यात मी कधी इतका ओरडलो नाही. ह्येरान जन्मली तेव्हाही नाही. कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं.

पंचांनी मधेच शिट्टी वाजवली. ह्येरानने अजून कुणाला शिवलंही नव्हतं. ती पंचांसमोर उभी राहून गळ्याला हात लावून काहीतरी सांगत होती. पंचांनी मान हलवली. गुण नेपाळला. तांत्रिक बाब असावी. मग वेळ संपली.

ह्येरानचा संघ एका गुणाने हरला. तेवढं सोडलं तर कार्यक्रम निर्दोष झाला.

बाहेर जाताना ह्येरान थांबली आणि प्रेक्षकांकडे बघू लागली. एकेक रांग बघत गेली. माझ्यापाशी आल्यावर तिची नजर थांबली, मला स्पष्ट दिसलं. मी ढोल उंच करून दाखवला. मग ती वाकली आणि गेली. बापाने शब्द पाळला हे तिला कळलं.

६ ऑक्टोबर

ह्येरानची आई काल घरी आली नाही. ह्येरानसोबत हॉटेलवर राहिली. सकाळी फोन केला तेव्हा तिने उचलला. शांत आवाजात सांगितलं: अहो, चढाईला गेलेल्या मुलीने एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं असतं. पंचांना ऐकू यावं लागतं. ऐकू आलं नाही तर दम गेला असं धरतात आणि गुण समोरच्यांना देतात. ती म्हणत होती. घसा फाडून म्हणत होती. पंच हातभर अंतरावर होते, त्यांना ऐकू आलं नाही.

मी म्हणालो, हा नियम मला कुणी आधी सांगायला हवा होता.

ती म्हणाली, अकरा वर्षं.

मग फोन ठेवला. नाश्ता केला नाही. तब्येत ठीक आहे, भूक नव्हती.

विचार केला की दोष पंचांचा. मग विचार केला की हॉलची रचना सदोष. छप्पर पत्र्याचं आहे, आवाज घुमतो. यावर अहवाल द्यायला हवा. दुपारपर्यंत अहवाल लिहायला बसलो होतो. पहिलं वाक्य झालं नाही.

१२ ऑक्टोबर

समारोप. उत्कृष्ट वॉर्ड म्हणून सोलबातचं नाव पुकारलं. कुणीच मंचावर गेलं नाही. शेवटी मी गेलो आणि मानपत्र घेतलं.

नंतर ओकबुनबाई ऑफिसात गाठोडं ठेवून गेल्या. सगळे लाल टी-शर्ट, धुऊन इस्त्री केलेले. मी म्हणालो, आठवण म्हणून ठेवा की. त्या म्हणाल्या, नेपाळच्या पोरी जाताना गळ्यात पडून रडल्या हो, चांगल्या पोरी. त्यांचं काही नाही. पण हा अंगात घातला की मला तुमची पोरगी दिसते.

त्यांचा आवाज बसला आहे. आठवडा झाला तरी सुटलेला नाही. पहाटे गल्लीत कुणी उठत नाही.

१६ ऑक्टोबर

मेंग साहेबांनी बोलावलं. महोत्सवापुरता उघडलेला आमचा पाठीराखा विभाग महिनाअखेर बंद होणार, ते स्वाभाविकच आहे. माझी बदली उद्यान खात्यात, याच पदावर. साहेब म्हणाले, प्यो, त्या दिवशी तुम्ही ढोल घेतलात, ते कुणी विसरणार नाही. मग म्हणाले, ती खरंच तुमची मुलगी होती?

मी हो म्हणालो.

ते खिडकीबाहेर बघायला लागले. साहेबांनाही दोन मुली आहेत.

उद्यान खातं वाईट नाही. संकल्प करायचा होता, पण आज नको.

१९ ऑक्टोबर

ह्येरानच्या गुडघ्याचं काल ऑपरेशन झालं. आज भेटायला गेलो. अख्खी दुपार बोलायचं काय ते ठरवत होतो. आवाजाबद्दल बोलायचं. ढोल घेण्यामागची परिस्थिती समजावून सांगायची. तिने मला पाहिलं तेव्हा काय वाटलं, तेही विचारायचं होतं.

तिची आई खुर्चीत बसून नासपती सोलत होती. ह्येरानचा पाय वर टांगलेला. चेहरा लहानपणी तापात व्हायचा तसा झालेला. मला बघून हसली आणि म्हणाली, बसा बाबा.

मी पलंगाच्या कडेला बसलो. मग ह्येरान छताकडे बघत म्हणाली, बाबा, एक विचारू? खरं सांगा, मी रागावणार नाही. त्या दिवशी तुम्ही आला होतात का? सामना संपल्यावर मी एकेक रांग शोधली. सगळीकडे लाल लाल, मला कुणाचाच चेहरा ओळखू येईना, डोळे भरले होते. आईला विचारलं तर ती म्हणते, बाबांनाच विचार.

आईचा सुरीचा हात थांबला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती.

म्हणजे तिने मला पाहिलंच नव्हतं.

मी म्हणालो, निघालो होतो गं. दारापर्यंत आलो होतो. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला.

ह्येरानने डोळे मिटले. मला वाटलं, आता रडेल. पण तिचा चेहरा मोकळा झाला, खरंच मोकळा झाला. म्हणाली, बरं झालं बाबा. त्या आवाजात तुम्ही बसला असता तर तुम्हाला सहन झालं नसतं. मी खाली उभी राहून हाच विचार करत होते, की बाबा हे ऐकत नसले तर बरं.

तिने हात पुढे केला. मी धरला. तिच्या आईने नासपतीची फोड माझ्या दुसऱ्या हातात ठेवली आणि काहीच बोलली नाही. यापुढेही बोलणार नाही, एवढं मला कळलं.

घरी आलो. इथेच लिहून ठेवतो, कारण आता दुसरीकडे कुठे सांगता येणार नाही. मी गेलो होतो. माझ्या मुलीचा खेळ मी एकदा पाहिला आहे. फार सुंदर खेळते.